एका डॉलरचा शब्द

जेम्स कॅमेरॉनने 'द टर्मिनेटर'ची पटकथा गेल ॲन हर्डला एका डॉलरला विकली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. दोघंही तिशीच्या आतले, लॉस एंजेलिसमधल्या स्वस्त चित्रपटांच्या एका कंपनीत राबून बाहेर पडलेले. हॉलिवूडमध्ये त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. सौद्याला अट एकच होती: चित्रपट झालाच तर तो कॅमेरॉन दिग्दर्शित करेल. ज्यांनी पटकथा वाचली त्यांच्यापैकी काहींना ती आवडली, पैसे लावायचीही त्यांची तयारी होती, मात्र दिग्दर्शक त्यांना दुसरा हवा होता. हक्क हर्डच्या नावावर होते. तिने अशा प्रत्येकाला नकार दिला आणि ती थांबून राहिली.

हे पुस्तक त्या नकारांपासून सुरू होतं. अमेरिकी ॲक्शनपटांच्या निर्मात्यांमध्ये हर्डपेक्षा जास्त गल्ला जमवलेली नावं आहेत. जोएल सिल्व्हरने 'लीथल वेपन', 'डाय हार्ड' आणि 'द मेट्रिक्स' दिले. जेरी ब्रुकहायमरची 'टॉप गन'सारख्या चित्रपटांची यादी अजून संपलेली नाही. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. मी हर्डकडे वळलो, कारण निर्मात्याचं काम म्हणजे नेमकं काय, हे तिच्या कारकिर्दीत मला सर्वांत स्वच्छ दिसलं. एकदा दिलेला शब्द निभावायची किंमत महिन्यागणिक वाढत जाते, आणि तरी त्याला जागायचं असतं. माझ्या मते ते काम हेच आहे. बाकीची सगळी हिशेबाची कामं याच्या पोटात येतात.

आपल्याकडे निर्माता म्हटलं की पैसे घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. हॉलिवूडच्या व्यवस्थेत निर्माता सहसा स्वतःचा पैसा लावत नाही. तो गोष्ट शोधतो, तिचे हक्क मिळवतो, दिग्दर्शक ठरवतो, स्टुडिओला किंवा एखाद्या भांडवलदाराला पटवतो, खर्चाचा तक्ता बांधतो आणि चित्रीकरण संपेपर्यंत त्या तक्त्यावर पहारा देतो. ॲक्शनपटात यातलं प्रत्येक काम जोखमीचं होतं. दोन माणसांच्या संवादाचा प्रसंग सकाळी फसला तर दुपारी पुन्हा घेता येतो. गाडी उलटवण्याचा प्रसंग फसला तर दुसरी गाडी लागते, बंद केलेला रस्ता आणखी एक रात्र बंद ठेवावा लागतो, अग्निशमन दलाला पुन्हा बोलवावं लागतं, विमा कंपनीला समजवावं लागतं, आणि स्टंट करणाऱ्या माणसाला त्याच धोक्यात दुसऱ्यांदा उतरवावं लागतं. पडद्यावर जो स्फोट तीन सेकंद दिसतो, त्याच्या मागे कुणीतरी आठवडेच्या आठवडे कागदावर बेरजा केलेल्या असतात.

हर्डचा जन्म १९५५ चा, लॉस एंजेलिसचा. ती वाढली पाम स्प्रिंग्जमध्ये, विज्ञानकथा आणि मार्व्हलची कॉमिक्स वाचत. स्टॅनफर्ड विद्यापीठात तिने अर्थशास्त्र आणि जनसंवाद हे विषय घेतले, १९७७ मध्ये पदवी मिळवली आणि रॉजर कॉर्मनच्या न्यू वर्ल्ड पिक्चर्समध्ये त्याची सहायक म्हणून नोकरी धरली. कॉर्मनसुद्धा स्टॅनफर्डचाच, इंजिनिअरिंग शिकलेला. फ्रान्सिस फोर्ड कोपोला, मार्टिन स्कॉर्सेसी, जोनाथन डेमी, रॉन हॉवर्ड ही सगळी मंडळी सुरुवातीला या माणसाच्या हाताखालून गेली. पगार तुटपुंजा, मुदत अशक्य वाटावी अशी, आणि जबाबदारी मात्र पहिल्याच महिन्यात अंगावर. काम जमतंय असं दिसलं की कॉर्मन माणसाला वरच्या कामावर ढकलत असे आणि तो माणूस पुरुष आहे की बाई, याकडे त्या काळातल्या इतर कंपन्यांच्या मानाने फारच कमी पाहत असे. त्याची पत्नी ज्युली कॉर्मन स्वतः निर्माती होती. आपण बाई आहोत म्हणून दारं बंद होतात हे हर्डला खऱ्या अर्थाने कळलं ते तिथून बाहेर पडल्यावर.

न्यू वर्ल्डचा स्टुडिओ व्हेनिस भागातल्या एका जुन्या लाकडाच्या वखारीत थाटलेला होता. तिथे १९८० मध्ये 'बॅटल बियाँड द स्टार्स' तयार झाला. कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई'ची गोष्ट अंतराळात नेलेला हा चित्रपट, साधारण वीस लाख डॉलरचा. कॉर्मनच्या हिशेबाने ही उधळपट्टीच. हर्ड त्यात सहायक प्रॉडक्शन मॅनेजर होती. यानांची मॉडेलं करायला आलेला आणि पाहता पाहता कला-दिग्दर्शक झालेला तरुण होता जेम्स कॅमेरॉन. संगीत होतं जेम्स हॉर्नरचं, ज्याने पुढे 'एलियन्स'ला आणि 'टायटॅनिक'ला संगीत दिलं. तुटपुंज्या पैशांत भव्य काहीतरी उभं करण्याची सवय या तिघांना एकाच वखारीत लागली. हर्ड तिथे जे शिकली ते मी या पुस्तकात वारंवार सांगितलं आहे, कारण तिचा प्रत्येक निर्णय तिथवर मागे नेता येतो: कुठे हात आखडता घ्यायचा आणि कुठे अजिबात घ्यायचा नाही, हे चित्रीकरणाच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे.

१९८२ मध्ये तिने पॅसिफिक वेस्टर्न प्रॉडक्शन्स ही स्वतःची कंपनी काढली आणि 'द टर्मिनेटर' हाती घेतला.

या चित्रपटाविषयी इतकं लिहिलं गेलंय की नवं काही सांगायचं उरलेलं नाही असं वाटतं. तरी निर्मितीच्या बाजूने पाहिलं तर तो वेगळाच दिसू लागतो. पैसे जॉन डेलीच्या हेमडेल कंपनीचे, वितरण ओरायन पिक्चर्सचं. चित्रीकरण आधी टोरांटोमध्ये १९८३ साली व्हायचं होतं. सगळी तयारी होत आली आणि अर्नोल्ड श्वार्झनेगर 'कोनन' मालिकेच्या करारात अडकलेला असल्याने नऊ महिन्यांचा खंड पडला. लहान बजेटच्या चित्रपटाला असा खंड सहसा पेलत नाही. युनिट पांगतं, पैसेवाल्यांचं मन बदलतं, दुसरा कुणीतरी तसाच चित्रपट घेऊन येतो. हर्डने तो चित्रपट नऊ महिने धरून ठेवला. त्या सक्तीच्या रिकामपणात कॅमेरॉनने 'एलियन्स'ची पहिली मांडणी लिहिली, त्यामुळे पुढच्या चित्रपटाची बीजंही याच खंडात पडली.

अखेर मार्च १९८४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये चित्रीकरण सुरू झालं. बजेट सुमारे ६४ लाख डॉलर. भविष्यातून आलेला यंत्रमानव, उद्ध्वस्त शहरं, पाठलाग, पोलीस ठाण्यातला गोळीबार, शेवटी कारखान्यात रांगत येणारा धातूचा सांगाडा. आणि हे सगळं एवढ्याशा पैशात. मग चित्रपट रात्रीचा झाला. अंधारात कमी दाखवावं लागतं आणि कमी दिसलं की भीती वाढते. रस्ते निवडताना नगरपालिकेच्या दिव्यांचा उजेड कुठे चांगला पडतो हेसुद्धा पाहिलं गेलं, म्हणजे स्वतःचे दिवे कमी लागावेत. स्टॅन विन्स्टनने बांधलेला सांगाडा मात्र चित्रपटाचा प्राण होता. तिथे काटछाट नव्हती. शेवटचा प्रसंग, म्हणजे नायिका सारा कॉनर जीपमधून वादळाच्या दिशेने जाते तो, मोजक्या माणसांनी परवान्याशिवाय घेतला. गस्तीवरच्या पोलिसाने हटकलं तेव्हा हा विद्यार्थ्यांचा चित्रपट आहे असं सांगून वेळ मारून नेल्याचं सांगतात. मला या कथेत गंमतीपेक्षा घाई दिसते. पैसे संपले होते, चित्रपट संपायचा होता.

त्याहून मोठा तिढा शेवटाविषयीच होता. पैसे लावणाऱ्यांच्या बाजूने सूर असा की टँकर पेटला, खलनायक जळला, तिथेच चित्रपट थांबवावा. पुढचा कारखान्याचा भाग कशाला? आज 'द टर्मिनेटर' आठवताना ज्वाळांमधून उभा राहणारा तो सांगाडा आठवत नाही असा प्रेक्षक मिळणार नाही. कॅमेरॉन आणि हर्ड दोघंही हटले नाहीत. २६ ऑक्टोबर १९८४ ला चित्रपट प्रदर्शित झाला. ओरायनला त्याच्याकडून फारशा अपेक्षा नव्हत्या आणि जाहिरातही बेताची होती, तरी तो पहिल्या क्रमांकावर गेला आणि जगभरात त्याने सुमारे ७.८ कोटी डॉलर मिळवले. २००८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश केला. मराठी प्रेक्षकांतल्या एका पिढीने तो भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला आणि श्वार्झनेगरचं नाव घरोघरी पोचलं. ती कॅसेट फिरत होती त्या दिवसांत निर्मातीचं नाव कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, यात आश्चर्य नाही; निर्मात्याचं नाव श्रेयनामावलीत येतं आणि सरकतं.

एका डॉलरच्या त्या सौद्याचा कॅमेरॉनला पुढे पश्चात्ताप झाला आणि त्याने तो जाहीरपणे बोलूनही दाखवला. त्याची बाजू समजण्यासारखी आहे. 'टर्मिनेटर'चे हक्क पुढे हातोहात फिरले, त्यावर अनेकांनी पैसे मिळवले आणि ज्याच्या डोक्यातून ते सगळं निघालं त्याचा त्यावर ताबा राहिला नाही. हर्डने तिचा हिस्सा राखून ठेवला होता आणि नंतर तो विकला. मी या प्रश्नावर एक पूर्ण प्रकरण दिलं आहे आणि त्यात दोघांचीही बाजू मांडली आहे. माझं मत मात्र तिथे लपवलेलं नाही: त्या सौद्यात दोघांनी एकमेकांना जे दिलं ते पैशाहून मोठं होतं आणि दोघांनीही आपापला वाटा चोख दिला.

१९८५ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि त्याच वर्षी 'एलियन्स'च्या चित्रीकरणासाठी ती इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत गेली. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण पाइनवुडचं आहे. ॲक्शनपटाच्या निर्मितीत माणसं सांभाळणं हे स्फोट सांभाळण्यापेक्षा किती अवघड असतं, ते इथे दिसतं.

आधी सिगॉर्नी वीव्हरचा प्रश्न होता. ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सला तिचं मानधन जड वाटत होतं आणि तिने साकारलेल्या रिप्लीच्या पात्राशिवाय गोष्ट लिहिता येईल का, अशी चाचपणी चालू होती. कॅमेरॉन आणि हर्ड यांनी ते साफ नाकारलं. रिप्ली नाही तर चित्रपट नाही. अखेर वीव्हर सुमारे दहा लाख डॉलरवर आली, आणि या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. विज्ञानपटातल्या ॲक्शन भूमिकेला असं नामांकन तोवर ऐकिवात नव्हतं.

मग प्रश्न हर्डचा स्वतःचा. दिग्दर्शकाची बायको म्हणून निर्माती झाली, असा समज स्टुडिओतही होता आणि इंग्लंडमधल्या युनिटमध्येही. खात्यांचे प्रमुख निवडताना, खरा निर्माता कोण आहे, असं तिला तोंडावर विचारलं गेलं. बाईच्या हाताखाली काम करणार नाही असं सांगणारेही भेटले. पाइनवुडची माणसं कसलेली होती, पिढ्यान्पिढ्या तिथेच काम केलेली. रिडली स्कॉटचा 'एलियन' त्यांच्या देशात तयार झाला होता आणि आता त्याचा पुढचा भाग करायला हे अमेरिकेतून आलेलं तरुण जोडपं. 'द टर्मिनेटर' पाहा, म्हणजे आमचं काम कळेल, म्हणून खास खेळ ठेवला तर फारसं कुणी फिरकलं नाही. ठरल्या वेळी चहाची गाडी यायची आणि काम थांबायचं. कॅमेरॉन चहाच्या गाडीवर चिडायचा. पहिला छायालेखक डिक बुश बदलावा लागला, त्याच्या जागी तरुण एड्रियन बिडल आला. मायकेल बीनच्या आधी हिक्सच्या भूमिकेत जेम्स रेमार होता, तोही बदलला. सहायक दिग्दर्शक डेरेक क्रॅकनेलला काढलं तेव्हा युनिटने काम सोडून बाहेरची वाट धरली.

त्या दिवशी त्यांना परत आणलं ते हर्डने. कॅमेरॉनने ते केलं असतं असं मला वाटत नाही. त्याचा पिंड तो नव्हता. हर्डने बोलणी केली, रुसवे काढले, आणि काम पुन्हा सुरू झालं. चित्रपटाची एकही फ्रेम त्या दिवशी तिने काढली नाही. तरी 'एलियन्स' आज आपल्यासमोर आहे तो त्या दिवसामुळे, असं मी ठामपणे म्हणतो. पुस्तक लिहिताना मला ज्या क्षणी या बाईविषयी नितांत आदर वाटला, तो क्षण हा.

पैशाच्या बाबतीत कॉर्मनची शाळा इथेही उपयोगी पडली. बजेट सुमारे १.८५ कोटी डॉलर, आणि एवढ्या आकाराच्या चित्रपटाला ते कमीच. दीर्घनिद्रेच्या कुप्या महाग, म्हणून मोजक्याच बनवल्या आणि आरशांनी त्यांची रांग लांब केली. परग्रहावरच्या प्राण्यांचे पोशाख मूठभरच होते. अंधार, धूर आणि संकलन यांनी त्यांची फौज झाली. सैनिकांचं चिलखती वाहन विमान ओढण्याच्या अवाढव्य ट्रॅक्टरवर बांधलं. प्राण्यांच्या घरट्याचा सेट लंडनमधल्या ॲक्टन लेनच्या बंद पडलेल्या वीजकेंद्रात उभारला, आणि तो तिथेच राहिला. 'बॅटमॅन'चं युनिट काही वर्षांनी तिथे आलं तेव्हा त्याचे अवशेष त्यांना सापडले. या प्राण्यांच्या राणीचं चौदा फुटी बाहुलं मात्र पूर्ण ताकदीने केलं गेलं आणि ते चालवायला डझनाहून जास्त माणसं लागत. चित्रीकरण सप्टेंबर १९८५ मध्ये सुरू झालं, १८ जुलै १९८६ ला चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला, 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर वीव्हर झळकली, सात ऑस्कर नामांकनं मिळाली आणि त्यातली दोन पारितोषिकांत बदलली.

१९८९ च्या 'द ॲबिस'ची जात वेगळी. पाण्याखाली घडणाऱ्या या गोष्टीसाठी दक्षिण कॅरोलायनातल्या गॅफ्नीजवळचा अर्धवट सोडलेला अणुवीज प्रकल्प निवडला गेला. ज्या काँक्रीटच्या घुमटात अणुभट्टी बसायची होती, त्यात ७५ लाख गॅलन पाणी भरलं. म्हणजे जवळजवळ २.८ कोटी लिटर. खोली ५५ फूट, रुंदी २०९ फूट. खोल समुद्रासारखा काळोख हवा म्हणून वर ताडपत्री ताणली आणि पाण्यावर काळ्या प्लॅस्टिकच्या मण्यांचा थर पसरला. सुरुवातीलाच टाकी फुटून पाणी वाहू लागलं आणि धरणं दुरुस्त करणारे तज्ज्ञ बोलवावे लागले. वादळाने ताडपत्री फाडली, मग काम रात्रीवर ढकललं. नटांचे चेहरे दिसावेत आणि संवाद ऐकू यावेत म्हणून नवी शिरस्त्राणं बनवली गेली. कलाकारांना पाणबुड्याचं प्रशिक्षण घ्यावं लागलं. एड हॅरिस एका प्रसंगात बुडता बुडता वाचला. मेरी एलिझाबेथ मास्ट्रान्टोनिओ, तिला पुन्हा जिवंत करण्याचा प्रसंग चालू असताना कॅमेऱ्यातली फिल्म संपल्याचं कळलं तेव्हा, सेटवरून निघून गेली.

इथे मी हर्डची बाजू सरसकट घेत नाही. कलाकाराच्या शरीराचा आणि मनाचा तोल किती ताणायचा, याची मर्यादा ठरवणं हे निर्मात्याचंच काम आहे आणि गॅफ्नीमध्ये ती मर्यादा ओलांडली गेली असं माझं मत आहे. सुरक्षिततेची व्यवस्था चोख होती, इतक्या पाण्यात इतके महिने काम होऊनही कुणाचा जीव गेला नाही, याचं श्रेय तिला आणि तिच्या पाणबुड्यांच्या पथकाला आहेच. तरीही थकव्याची नोंद सुरक्षिततेच्या तक्त्यात होत नाही. त्याच काळात तिचं आणि कॅमेरॉनचं लग्नही मोडत आलं होतं. चित्रपट एका दुरावलेल्या जोडप्याचा, जे एकाच यंत्रणेत अडकून काम करतं. आणि तो करणारं जोडपंही तसंच. १९८९ मध्ये घटस्फोट झाला. चित्रपट मात्र पूर्ण झाला, प्रदर्शित झाला, दृश्य परिणामांचं ऑस्कर घेऊन गेला. पाण्याच्या स्तंभातून उमटणारा तो चेहरा संगणकाने काढलेला होता, पडद्यावर जेमतेम सव्वा मिनिट होता, आणि त्याच तंत्राच्या पुढच्या पायरीवर 'टर्मिनेटर २'चा पाऱ्यासारखा वितळणारा खलनायक उभा राहिला.

१९९१ च्या 'टर्मिनेटर २'वर हर्ड कार्यकारी निर्माती होती. बजेट दहा कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे सात वर्षांत सोळापट. घटस्फोटित पतीच्या चित्रपटावर तिचं नाव होतं आणि त्याबद्दल दोघांनीही कधी तमाशा केला नाही.

नव्वदच्या दशकातल्या तिच्या यादीवरून मी भराभर गेलो आहे. 'ट्रेमर्स'सारखा आटोपशीर, मनमिळाऊ राक्षसपट, ब्रायन डी पाल्माचा 'रेझिंग केन', 'नो एस्केप', 'द रेलिक'. १९९८ चा 'आर्मागेडन' तिने ब्रुकहायमर आणि मायकेल बे यांच्या सोबतीने निर्माण केला आणि त्या वर्षी जगभरात सर्वाधिक कमाई त्यानेच केली. माझ्या लेखी तो तिच्या कामाचा नमुना नाही. त्यावर बेचा ठसा फार गडद आहे. 'दान्तेज पीक' मला त्याहून जवळचा वाटतो. ज्वालामुखीच्या राखेसाठी तिथे वर्तमानपत्राच्या कागदाचा भुगा उधळला गेला, आणि गावाची महापौर होती लिंडा हॅमिल्टन, म्हणजे पूर्वीची सारा कॉनर. 'व्हायरस' सपशेल आपटला. त्याची कारणं पुस्तकात आहेत. थोडक्यात सांगायचं तर बोटीवर यंत्रं होती, माणसं नव्हती.

याच दशकात तिने 'द वॉटरडान्स' हा छोटा चित्रपट केला, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या लेखकाच्या स्वतःच्या अनुभवावरचा. १९९२ मध्ये सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांनी त्याला पसंतीचं पारितोषिक दिलं. रुग्णालयाच्या एका वॉर्डात घडणाऱ्या या चित्रपटात एकही स्फोट नाही. हर्डला फक्त मोठ्या यंत्रणेत रस आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो अवश्य पाहावा.

मराठी वाचकाला एका चित्रपटाकडे मुद्दाम बोट दाखवायचं आहे: १९९६ चा 'द घोस्ट अँड द डार्कनेस'. १८९८ मध्ये आजच्या केनियातल्या त्सावो नदीवर ब्रिटिशांचा रेल्वेपूल बांधला जात होता आणि दोन नरभक्षक सिंहांनी मजुरांचे बळी घेतले, त्याची ही गोष्ट. ते मजूर मोठ्या संख्येने ब्रिटिश हिंदुस्थानातून नेलेले होते. त्यांच्या बाजूने बोलणारा अब्दुल्ला चित्रपटात ओम पुरीने उभा केला. विजय तेंडुलकरांच्या नाटकावरून झालेल्या 'घाशीराम कोतवाल' या १९७६ च्या मराठी चित्रपटातून पडद्यावर आलेला हा नट, वीस वर्षांनी आफ्रिकेच्या रानात व्हॅल किल्मर आणि मायकेल डग्लसच्या समोर तितक्याच ठामपणे उभा राहतो. पटकथा विल्यम गोल्डमनची होती, ध्वनिसंकलनाला ऑस्कर मिळालं. मजुरांच्या नजरेतून ही गोष्ट सांगितली असती तर चित्रपट फार मोठा झाला असता, ही माझी खंत आहे. गोल्डमन आणि हर्ड दोघांनीही इंजिनिअर आणि शिकारी हेच केंद्रस्थानी ठेवले.

'हल्क'च्या वाटचालीत मात्र तिचा मूळ स्वभाव पुन्हा दिसतो. नव्वदच्या सुरुवातीपासून ती या कॉमिक्सच्या मागे होती. पटकथा लिहिल्या गेल्या, फेकल्या गेल्या, दिग्दर्शक बदलले, खर्च फुगला म्हणून स्टुडिओने एकदा काम थांबवलं. २००३ मध्ये आंग लीचा 'हल्क' आला तोवर दहा वर्षांहून अधिक काळ गेला होता, आणि हर्ड तिथेच होती. चित्रपटावर लोकांची मतं तेव्हाही दुभंगलेली होती, आजही आहेत. मला तो आवडतो, त्याच्या अडखळण्यासकट.

दूरचित्रवाणीवरचा तिचा दुसरा जन्म २०१० चा. रॉबर्ट कर्कमनच्या कॉमिक्सवरून फ्रँक डॅराबॉन्टने लिहिलेला 'द वॉकिंग डेड'चा पहिला भाग एका मोठ्या वाहिनीने नाकारला होता. तो हर्डच्या हाती आला आणि तिने एएमसी वाहिनीचा रस्ता दाखवला. ३१ ऑक्टोबर २०१० ला मालिका सुरू झाली, जॉर्जिया राज्यात चित्रित होत राहिली, २०१४ च्या एका भागाला तर अमेरिकेत १.७ कोटींहून जास्त प्रेक्षक लाभले, आणि २०२२ मध्ये ११ हंगाम आणि १७७ भागांनंतर संपली. दरम्यान लेखनाची सूत्रं डॅराबॉन्टकडून ग्लेन मझारा, मग स्कॉट गिंपल, मग अँजेला कँग यांच्याकडे गेली. नफ्याच्या वाटपावरून वाहिनीशी खटलेही लढले गेले आणि त्यातला एक दावा २०१७ मध्ये हर्ड, कर्कमन आणि इतर निर्मात्यांनी मिळून केला होता. बारा वर्षं चालणाऱ्या मालिकेत माणसं बदलतात. ती बदलत असताना पुढच्या सोमवारी चित्रीकरण सुरू राहील याची हमी कुणीतरी घ्यावी लागते.

सारा कॉनर, रिप्ली, 'द ॲबिस'मधली लिंडसे, 'दान्तेज पीक'ची महापौर, 'वॉकिंग डेड'मधल्या कॅरल आणि मिशॉन. या बायका एका माणसाने लिहिलेल्या नाहीत, एका माणसाने दिग्दर्शित केलेल्या नाहीत. त्यांना जोडणारं नाव बहुतेक वेळा एकच निघतं. यातली प्रत्येक बाई घाबरते, चुकते, आणि समोरचं काम आपल्याशिवाय होणार नाही हे कळल्यावर ते करायला घेते. हर्डने १९७७ पासून ज्या खोल्यांमध्ये बैठका केल्या, त्या खोल्यांचं चित्र यातून मला दिसतं. २०१७ मध्ये तिने 'मॅनकिलर' हा माहितीपट निर्माण केला. चेरोकी राष्ट्राची निवडून आलेली पहिली महिला प्रमुख विल्मा मॅनकिलर हिचं हे चरित्र. ॲक्शनपटांची निर्माती तिथवर कशी पोचली, असा प्रश्न काहींना पडला होता. पाइनवुडचं प्रकरण वाचलेल्याला तो पडू नये.

पुस्तक कालक्रमाने लिहिलं आहे, पण ते त्याच क्रमाने वाचलं पाहिजे असं नाही. ज्यांना चित्रपटाचं अर्थकारण समजून घ्यायचं आहे त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करावी. तिथे 'द टर्मिनेटर'चा खर्च आणि हक्कांचा प्रवास आहे. ज्यांना माणसांमध्ये रस आहे त्यांनी थेट पाइनवुडचं प्रकरण उघडावं. गॅफ्नीच्या प्रकरणाआधी 'द ॲबिस' पाहून घ्यावा, आणि शक्य असेल तर त्याची नंतर आलेली लांब आवृत्ती पाहावी: मूळ प्रदर्शनाच्या वेळी कापलेला, किनाऱ्यांवर उभ्या राहणाऱ्या प्रचंड लाटांचा भाग तिच्यात आहे, आणि तो का कापावा लागला याचा हिशेब त्या प्रकरणाच्या अखेरीस दिला आहे.